रंगपेटी बंद ठेव: कार्ला अकार्दीच्या निमित्ताने

प्रिय मुली,

तुझ्या नव्या चित्रांचे फोटो पाहिले. रंग सुरेख आहेत, आणि माझी काळजी तीच आहे. जिथे जिथे रेषा डळमळली, तिथे तू रंगाने वेळ मारून नेली आहेस. म्हणून आज इटालियन चित्रकार कार्ला अकार्दीबद्दल लिहितो.

ती सिसिलीतल्या त्रापानीची, जन्म १९२४ चा. महायुद्धानंतर रोमला आली. १९४७ मध्ये 'फोर्मा १' या कलावंतांच्या गटाच्या जाहीरनाम्यावर आठ जणांनी सह्या केल्या, त्यांत बाई ही एकटीच. ही मंडळी स्वतःला मार्क्सवादी म्हणवत आणि चित्रं अमूर्त काढत, म्हणजे ओळखीची माणसं-वस्तू न दाखवणारी. पुढच्याच वर्षी इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे नेते तोल्यात्ती यांनी पक्षाच्या नियतकालिकातून अशा चित्रांची खिल्ली उडवली. आपल्याच माणसांचं हसणं फार लागतं. तरी ती अमूर्तापासून हटली नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचं. तिशीच्या आसपास, १९५४ च्या सुमारास, तिने रंगच बाजूला ठेवले. काळ्यावर पांढरं, नाहीतर पांढऱ्यावर काळं. कॅनव्हास जमिनीवर पसरायचा आणि केसीन रंगाने, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून बनवलेल्या रंगाने, खुणा करत जायचं. 'इंतेग्रात्सिओने' नावाची तिची या काळातली चित्रं आहेत, त्यातलं एखादं मोठं करून बघ. आधी पांढऱ्या खुणाच दिसतील. वळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या, अक्षरांसारख्या, पण कुठल्याच लिपीतल्या नसलेल्या. घाई करू नकोस, बघत राहा. हळूहळू मधला काळा भाग पुढे येतो. त्यालाही आकार आहे, वजन आहे. मग पार्श्वभूमी कुठली आणि चित्र कुठलं, हे ठरवताच येत नाही. तिथे रंग असते तर नजर त्यांच्यावरच रेंगाळली असती. इथे ती सोय नाही. प्रत्येक खुणेला शेजारणीच्या जोरावर उभं राहावं लागतं.

रंग पुढे परतले, तेही झगझगीत. १९६५ नंतर तर तिने कॅनव्हासऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलं, त्याचे तंबू उभारले. मागची लाकडी चौकटही दिसू दिली. अनेकांना हेच काम मोठं वाटतं. मला मात्र ती धिटाई काळ्या-पांढऱ्या वर्षांतूनच आलेली दिसते.

'माझी शैली कधी सापडणार?' असं तू विचारतेस. तो प्रश्न सध्या राहू दे. काही महिने रंगपेटी बंद ठेव. मोठा कागद जमिनीवर पसर, जाड ब्रश घे, मनगट नाही तर खांदा हलू दे. एकच खूण घे आणि तिच्यावरच काम कर. अधूनमधून कागद उलटा फिरवून फक्त रिकाम्या जागा बघ. एखादी जागा निर्जीव वाटली तर ती भरायला जाऊ नकोस, तिच्या कडेच्या खुणा बदल.

प्रदर्शनाला चित्रं खुशाल पाठव, पण ते मोठं निळं मागे ठेव. त्यात डावीकडे खालून वर गेलेली एक रेषा आहे, ती खरोखर चांगली आहे. सुरुवात तिच्यापासूनच कर.

तुझे,
सर