रॅम चोरीला जाते म्हणून कॅबिनेट बदलायच्या आधी

सर, क्लासमधल्या दोन मशीनची रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, चोरीला गेली म्हणून सगळेच कॅबिनेट, म्हणजे मशीनचे बाहेरचे डबे, बदलून लॉकवाले घ्यायचं म्हणताय, पण पैसे घालायच्या आधी एक मशीन फिरवून मागून बघा. मदरबोर्डच्या बाजूच्या पॅनलला दोन थंबस्क्रू, म्हणजे मोठ्या डोक्याचे स्क्रू असतील, ते नुसत्या बोटांनी सुटतात, पॅनल मागे सरकवलं की रॅमचे क्लिप समोरच. असेंबल्ड पीसीचं कॅबिनेट बनवतातच उघडायला सोपं जावं म्हणून, आणि हल्ली तर बाजूला काच, आत आरजीबीचे रंगीत लाइट, म्हणजे आत काय माल आहे ते बाहेरूनच दिसतं. क्लासला काचवालं घेऊच नका.

आता मागे नीट बघितलंत तर पॅनलच्या कडेला चेसिसमधून, म्हणजे कॅबिनेटच्या सांगाड्यातून, बाहेर आलेली एक कडी दिसेल, सगळ्यांना नसते पण बऱ्याच कॅबिनेटना असते. ती कुलपासाठीच आहे. पॅनल बंद केलं की कडीचं आणि पॅनलचं भोक एकावर एक येतं, छोटं कुलूप घातलं की पॅनल सरकतच नाही. कडी नसेल तर थंबस्क्रू काढून मधे खुंटी असलेले टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, स्क्रू लावा, फक्त घेताना 6-32 आट्यांचेच घ्या, एम3 बारीक पडतात, धरत नाहीत. त्याचा बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, ऑनलाइन सेटमध्ये कोणालाही मिळतो हे खरं, पण क्लासमध्ये येताना कोण बिट घेऊन येतंय!

काही कॅबिनेटना केन्सिंग्टन स्लॉट असतो, म्हणजे साधारण 7 बाय 3 मिमीची चीर, त्यात केबल लॉक अडकवून टेबलाला बांधायचं. त्याने अख्खं मशीन उचलून नेणं अवघड होतं, आतली रॅम त्याने वाचेलच असं नाही. डेल ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिसच्या मशीनमध्ये मात्र कुलपाची कडी अशी बसवलेली असते की कुलूप लावलं की कव्हरच निघत नाही, म्हणून नवीन कॅबिनेटपेक्षा मी चांगल्या रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेल्या, ऑफिस मशीनकडे बघेन.

जुन्या एटी मशीनला पुढे किल्ली असायची, आठवतंय का? आयबीएमच्या 1984 च्या पीसी एटीला ती फिरवली की कीबोर्ड बंद आणि कव्हरही अडकायचं. पुढे लोकल असेंबल्ड मशीनमध्ये नुसती कीबोर्ड बंद करणारी दोन वायरींची किल्ली उरली, शोभेला.

तुमच्या कामाची आणि कोणी न वापरलेली गोष्ट म्हणजे इंट्रूजन स्विच, कॅबिनेट उघडलं ते सांगणारा. पॅनलखाली दाबलं जाणारं बारीक बटण, वायर मदरबोर्डवरच्या हेडरला, म्हणजे पिनांना. पॅनल निघालं की बोर्ड नोंद ठेवतो, लाइट गेलेली असली तरी, कारण ते नाण्याएवढ्या सेलवर चालतं. पुढच्या वेळी चालू करताना वॉर्निंग येते. हा चोरी अडवत नाही, वेळही सांगत नाही, पण प्रत्येक बॅचआधी मशीन चालू करून बघितलं तर कोणत्या बॅचच्या वेळी उघडलं ते कळतं, आणि तुमची खरी अडचण तीच आहे ना? घ्यायच्या आधी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चेसिस इंट्रूजन हेडर आहे का ते बघा. काही बोर्डांवर त्या पिनांवर जंपर कॅप, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, येते, स्विच लावायचा नसेल तर ती काढू नका, नाहीतर कॅबिनेट उघडंच आहे असं समजून मशीन बूटच होणार नाही.

बायोसला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगला, पासवर्ड टाका, पेनड्राइव्हवरून बूट बंद करा, पण साध्या बोर्डावर तोच सेल काढून किंवा क्लिअर सीमॉसचा, म्हणजे ती सेटिंग पुसायचा, जंपर लावून पासवर्ड उडतो, म्हणजे कुलूप नसेल तर पासवर्डलाही अर्थ नाही. डेटाचं वेगळं, मुलांचे फॉर्म, फोटो, आधारच्या कॉप्या ज्या मशीनवर असतील तिथे विंडोज प्रो टाकून त्यातलं बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, लावा, डिस्क काढून नेली तरी वाचता येणार नाही, रिकव्हरी की तेवढी कागदावर लिहून घरी ठेवा.

आणि कुलपाच्या भरवशावर सीपीयू लाकडी कप्प्यात कोंडू नका, मागची गरम हवा परत आत जाते, उन्हाळ्यात मशीन गुरगुरायला लागतं. कुलपं घेताना सगळ्यांना एकच किल्ली लागेल असा सेट मागा, नाहीतर रॅम साफ करायची वेळ आली की किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसाल.