फाईल आधी स्वतःच्या हातात घे

"ताई, मी 27 वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. पहिलंच बाळ आहे, 31 वा आठवडा चालू आहे. मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळात मोठा दोष निघाला, पोटातलं काहीतरी छातीत सरकलंय म्हणे. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल होती, मग आता असं कसं? डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावून सगळं समजावलं, मी बाहेरच बसले होते, माझं बीपी वाढू नये म्हणून. हे खूप जपतात मला, फाईलपण स्वतःच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवतात. चुलत सासूबाई विचारतात, ग्रहणात काही चिरलं होतंस का. माझ्या आईला अजून सांगितलं नाहीये, हे नको म्हणाले. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला निफाडला जायचंय, आईने तिथल्या दवाखान्यात नाव घातलंय. रात्रभर झोप नाही, सारखं रडू येतं, त्याचा बाळावर परिणाम होईल का? मन शांत ठेवायला काय करू? सोमवारी परत अपॉइंटमेंट आहे."

अगं, "मी बाहेरच बसले होते" इथपर्यंत वाचलं आणि मी तिथेच थांबले. सोनोग्राफीची ती थंडगार जेली कोणाच्या पोटावर लावली? तुझ्या. मग ती पुसून, कपडे सारखे करून तू बाहेर बाकावर आणि नवरोबा आत खुर्चीत, हे कोणी ठरवलं? बीपी वाढेल म्हणे. बीपी मोजायचं मशीन डॉक्टरांच्या टेबलावरच असतं की!

तू लिहिलंयस की ते खूप जपतात. मला काही त्यांचं कौतुक वाटलं नाही, सॉरी. म्हणजे बघ ना, चुलत सासूबाईंपर्यंत बातमी गेली, त्यांचे ग्रहणाचे प्रश्न विचारून झाले, आणि तुझ्या सख्ख्या आईला पत्ता नाही, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला आजाराचं नावसुद्धा माहीत नाही. रात्री दोन वाजता मोबाईल हातात घेऊन तू शोधणार तरी काय? काहीच माहीत नसलं की माणूस जे जे वाईट सुचेल ते सगळं धरून बसतो, तुझी निम्मी झोप त्यानेच उडालीये. त्याला ध्यान आणि मंद संगीत काय करणार.

मी डॉक्टर नाही आणि तुझा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, पण तू लिहिलंस त्यावरून हे डायफ्रामॅटिक हर्नियासारखं वाटतंय. छाती आणि पोट ह्यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो, तो बाळात साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत बंद होतो. कधीकधी त्यात भोक राहतं, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, आणि त्यातून आतडी, जठर, कधी लिव्हरसुद्धा वर छातीत जातं, मग फुफ्फुसाला वाढायला जागाच उरत नाही. पाचव्या महिन्यात आतडी खालीच असली आणि नंतर वर सरकली तर आधीची सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. आणि चुलत सासूबाईंना सांग, पडदा बंद व्हायची वेळ तिसऱ्या महिन्यातच संपते, आणि सुरी कोणत्या दिवशी हातात घेतली ह्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. किंवा नको सांगूस, त्यांच्यासाठी कशाला ताकद घालवायची.

आता निफाड. पत्रात तू हे सहज लिहून गेलीस, मला मात्र वाचताना घाम फुटला. असं बाळ जन्मल्या जन्मल्या श्वासासाठी धडपडू शकतं, साधा मास्क लावून पंप केलं तर हवा पोटात जाऊन फुफ्फुस आणखी दाबलं जातं, म्हणून लगेच श्वासनलिकेत नळी घालावी लागते, व्हेंटिलेटर लागतो, नाकातून नळी घालून पोटातली हवा काढावी लागते. ऑपरेशन काही त्याच तासाला नसतं, आधी बाळ स्थिर होऊ देतात, मग लहान मुलांचे सर्जन पडद्याचं भोक बंद करतात. हे सगळं बाळंतपण होईल त्याच ठिकाणी तयार हवं. तुझी आई हौसेने नाव घालून बसलीये तिथे हे असेल का? आणि ह्या दोषात गर्भजल वाढू शकतं, मग कळा लवकरही येऊ शकतात. पहाटे तीनला निफाडात कळा सुरू झाल्या तर तुझ्या आईला काय माहीत असणार आहे, सांग बरं. पहिलं बाळंतपण माहेरी, ठीक आहे, पण ह्या वेळी आईनेच तुझ्याकडे यायचं.

नाशकातच सोय आहे की मुंबईला जायचं हे तुझे डॉक्टर सांगतील. मुंबईत परळला वाडियाचं बाळंतपणाचं आणि लहान मुलांचं हॉस्पिटल शेजारीशेजारी आहे, केईएम पण तिथेच जवळ. जायचंच ठरलं तर बाळ पोटात असताना जायचं, जन्मलेलं बाळ नळीसकट अँब्युलन्समध्ये घालून कसारा घाट उतरायची वेळ येऊ द्यायची नाही. पैशाचं म्हणशील तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, आणि बाळांच्या जन्मजात दोषांसाठी सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याची चौकशी सिव्हिलला कर. हे काम मिस्टरांना दे, त्यांना काहीतरी करायचंच आहे ना.

अजून एक, तुझ्यासमोर कोणी काढलं नसेल म्हणून मी काढते. 2021 पासून कायद्याने 24 आठवड्यांनंतरही, दोष फार गंभीर आहे असं मेडिकल बोर्डाने ठरवलं तर, गर्भपाताची परवानगी मिळू शकते. तू तसं करावंस किंवा करू नयेस असं मी म्हणत नाहीये, तुझं बाळ त्यात बसतं की नाही हेही मला माहीत नाही. पण तिथे संमती लागते ती तुझी, नवऱ्याच्या सहीची गरज नसते. कायदा तुला विचारतो, आणि घरात तुझी फाईल बॅगेत!

तर सोमवारी तू आत जायचंस. आधी रविवारी रात्री फाईल मागून घे, "दे इकडे" एवढंच म्हण, भांडू नकोस, रडलीस तरी चालेल पण फाईल घे. रिपोर्टमध्ये खाली इम्प्रेशन, म्हणजे तपासणीचा निष्कर्ष, लिहिलेलं असतं, ते वाचून वहीत उतरव. डॉक्टरांना विचार की लिव्हर वर गेलंय का, फुफ्फुस किती वाढलंय, हृदयात किंवा आणखी कुठे दोष आहे का, फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, झाला का, जेनेटिक टेस्ट करायची का, बाळंतपण कुठे करायचं आणि तेव्हा बाळाचे डॉक्टर कोण असतील. उत्तरं कदाचित चांगली नसतील. अशी काही बाळं ऑपरेशन होऊन पुढे शाळेत जातात आणि काही बाळं वाचत नाहीत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, पुष्कळ लपवून झालंय तुझ्यापासून. तुझ्या रडण्याने हे झालेलं नाही आणि रडलीस म्हणून ते वाढणारही नाही. झोप अजिबात नाही हे मात्र त्यांना नक्की सांग.

आईला आजच फोन कर, ह्यांना विचारत बसू नकोस. आणि मंगळवारी मला एवढं लिहून कळव, लिव्हर वर आहे की खाली.