रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोजेक्टचं टार्गेट फोल्डर (बिल्डच्या फाइली साठतात ते) कित्येक जीबीचं होतं आणि प्रत्येक बिल्ड रखडतं. उपाय काय?

टार्गेटमधल्या जुन्या फाइली कार्गो (रस्टचं बिल्ड साधन) आपणहून काढत नाही. कंपायलरची आवृत्ती किंवा फीचर्स बदलली की नवा संच तयार होतो, जुना तिथंच पडून राहतो. ‘कार्गो क्लीन’ने जागा सुटते, पण पुढचं बिल्ड पहिल्यापासून होतं, त्यामुळे ते रोज करू नका.

बरीच जागा डीबग माहिती (चुका शोधायला लागणारा तपशील) खाते. कार्गो डॉट टॉमलमध्ये प्रोफाइल डॉट डेव्हखाली डीबगची किंमत ‘लाइन-टेबल्स-ओन्ली’ ठेवा. पॅनिक झाल्यावर, म्हणजे प्रोग्राम चुकीमुळे थांबल्यावर, ओळ क्रमांक दिसतातच. डीबगरमध्ये व्हेरिएबल मात्र पाहता येत नाहीत.

कोड लिहिताना ‘कार्गो चेक’ पुरे, त्यात मशीन कोड बनतच नाही. लिनक्सवर (एक्स86-64) रस्टच्या आवृत्ती 1.90 पासून एलएलडी हाच डीफॉल्ट लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) आहे आणि तो वेगवान आहे. जुनी असेल तर आधी अपडेट करा.

‘ब्लॉकिंग वेटिंग फॉर फाइल लॉक’ दिसलं, तर बहुधा एडिटरमधला रस्ट-ॲनालायझर (कोड तपासणारं साधन) तेच फोल्डर अडवून बसलेला असतो. त्याच्या सेटिंगमध्ये कार्गोची टार्गेट डिर ‘ट्रू’ करा. जागा जास्त लागेल, पण रखडपट्टी थांबेल.

तरीही संथ? ‘कार्गो बिल्ड’ला ‘टायमिंग्ज’ पर्याय द्या. कोणतं क्रेट (रस्टचं पॅकेज) किती वेळ घेतं ते अहवालात दिसतं.