गरोदरपणात फुप्फुसातलं प्रेशर वाढलंय, एका फुप्फुसाची रक्तवाहिनी जन्मापासूनच नाही म्हणतात. काय करू?

ताई, पाचवा महिना, जिना चढला की दम, इकोत वाढलेलं प्रेशर आणि आता सीटीत उजव्या फुप्फुसाची मुख्य रक्तवाहिनीच नाही, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण माझ्या धाकट्या जावेचं अगदी हेच झालेलं. आम्ही तासगावकडचे.

तिच्या लहानपणीच्या एक्सरेत उजवं फुप्फुस लहान दिसत होतं, तेव्हा कुणीतरी जुना टीबी असेल म्हणून सोडून दिलं. खरं तर ती रक्तवाहिनीच जन्मापासून नव्हती; असं साधारण २ लाखांत एखाद्याला असतं, पटकन लक्षात येत नाही. द्राक्षाच्या बागेत दिवसदिवस राबली ती, कधी तक्रार नाही. पण गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि ते सगळं एकट्या डाव्या फुप्फुसातून जायचं, मग तिथलं प्रेशर वाढतं आणि हृदयाची उजवी बाजू दमते. पोटुशी बाईला दम लागतोच असं घरात सगळे म्हणायचे, मी पण म्हणायचे, त्याचं अजून वाईट वाटतं. पाणी भरताना चक्कर येऊन पडली तेव्हा मिरजेला नेलं.

खोटा धीर देत नाही, यात आईच्या जिवाला खरंच धोका असतो. गरोदरपण पुढे न्यायचं का असं डॉक्टर विचारतील, त्यांच्यावर चिडू नका, नवऱ्याला घेऊन शांत बसून सगळं ऐका, आणि ठरवायचं तुम्ही, सासरच्यांनी नाही. फक्त त्यात आठवडे घालवू नका.

जावेनं पुढे न्यायचं ठरवलं. फुप्फुसातलं प्रेशर कमी करायचं औषध, सिल्डेनाफिल, चालू केलं, ३४व्या आठवड्यात ठरवून सिझर झालं. बाळ रडलं, आम्हाला वाटलं सुटलो, तर डॉक्टर म्हणाले खरी काळजी आता. बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावतं, तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, म्हणून पहिले काही दिवस सगळ्यात नाजूक. आठवडाभर आयसीयूत होती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी हा हट्ट सोडा, हृदयाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच ठिकाणी असेल तिथेच नाव घाला. बोसेंटनची गोळी (हीसुद्धा फुप्फुसातल्या प्रेशरचीच) चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, ती बाळाला चालत नाही, पण मनानं बंद करू नका.

आणि चक्कर आली, ओठ निळे पडले किंवा खोकल्यातून रक्त आलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री गाडी काढा.