पायाला कुरूप की बंबलफूट?

प्रश्न : आमच्याकडे परसात सात-आठ कोंबड्या आहेत. त्यातली गिरीराज जातीची एक चांगली तीन किलोच्या वर आहे. ती आठवड्यापासून लंगडते. तळव्याला सूज असून मधोमध काळी खपली आहे. शेजारच्या आजी म्हणतात, कुरूप आहे, बिब्बा तापवून चटका द्या. मुलगा म्हणतो, ब्लेडने कापून काढू. रात्री कोंबड्या माझ्या खांद्याएवढ्या उंच दांडीवर बसतात, खाली शहाबादी फरशी आहे. काय करू? अंडी खाल्ली तर चालतील का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ते ब्लेड मुलाच्या हातातून काढून घ्या. आणि आजींचा मान राखून सांगतो, बिब्बा नकोच. नोकरीत असताना बिब्ब्याने भाजलेले पाय पुष्कळ पाहिलेत. मूळ दुखणं राहतं बाजूला, भाजलेलं निस्तरत बसावं लागतं.

हे कुरूप नाही, लक्षणांवरून बंबलफूट वाटतं. तळव्याला बारीकशी जखम होते आणि तिच्यातून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. आपल्याकडे वेड्या बाभळीचा काटाही त्याला पुरतो. कोंबडीचा पू माणसाच्या गळवासारखा वाहत नाही. तो आत खव्यासारखा घट्ट बसतो, म्हणून दाबून काही निघत नाही, उलट घाण आणखी खोल जाते.

संध्याकाळी कोंबडी शांत असते, तेव्हा तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या. (सोलापुरात टॉवेलाला काय तोटा!) डोकं झाकलं की फडफड कमी होते. हातात मोजे घाला, हे जंतू माणसालाही लागतात. कोमट पाण्यात मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट टाकून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवा. ते नसेल तर साधं मीठ चालेल. पाणी आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम हवं. खपली मऊ होऊन आपोआप सुटली तर ठीक, चिकटून असेल तर ओढू नका, उद्या पुन्हा शेका. मग पाय कोरडा करून पोव्हिडोन आयोडीनचं मलम लावा, वर गॉज ठेवा आणि पट्टी बोटांच्या मधून फिरवून बांधा. तासाभराने बोटं चाचपून बघा. गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी आवळली आहे, सैल करा. पट्टी रोज बदला, ओली झाली तर लगेच. सुन्न करणारं मलम किंवा घरातली दुखण्याची गोळी पक्ष्याला देऊ नका.

सूज नडगीकडे चढली, पाय गरम लागला, कोंबडी खाईना किंवा चार-पाच दिवसांत उतार दिसेना, तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आतली गाठ काढायची झाली तर ती डॉक्टरांनीच काढावी. तळव्यातून रक्त बरंच जातं.

पण ताई, खरं दुखणं तुमच्या दांडीत आहे. एवढ्या वजनाची कोंबडी रोज सकाळी खांद्याच्या उंचीवरून फरशीवर उडी मारते, मग तळवा किती दिवस टिकेल? गावरान कोंबडी हलकी, ती हे सोसते. गिरीराजला दांडी फूट-दीड फुटावर हवी, गुळगुळीत, कडा नसलेली. फरशीवर भुईमुगाच्या टरफलांचा तीन-चार इंच थर द्या. ओला झालेला भाग लगेच काढा. अंगणातले काटे झाडून घ्या. नुसती मका घालत असाल तर कमी करून मेथी-शेपूचा पाला द्या, वजन आवरेल. एवढं केलं नाही तर हा पाय बरा होईल आणि दुसरा धरेल.

अंड्यांचं म्हणाल, तर नुसतं शेकणं आणि वरून मलम एवढंच चालू असेल तर अंडी नीट शिजवून खा. डॉक्टरांनी पोटातून किंवा इंजेक्शनने अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस टाकायची, हे त्यांनाच विचारा, आणि तेवढे दिवस ती कुणाला वाटूही नका. काढलेली पट्टी उकिरड्यावर न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, उकिरडा बाकीच्या कोंबड्या उकरतात.