वाचकांचे प्रश्न : पायपेटी दूरगावी पाठवताना

प्रश्न : आमच्या आजोबांनी संगीत नाटकांच्या साथीसाठी वापरलेली पायपेटी (पायांनी भाता मारून वाजवायचे हार्मोनियम) सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात आजही आहे आणि ती चांगली वाजते. वाडा पुनर्विकासासाठी लवकरच रिकामा करावयाचा असल्याने ती थोरल्या भावाकडे बेंगळुरूला पाठवण्याचे ठरले आहे. वजनकाट्यावर ती सुमारे ५० किलो भरली. दोन वाहतूकदारांकडे चौकशी केली, तेव्हा दोघांनीही पुठ्ठा आणि गोणपाट गुंडाळून नेऊ, असे सांगितले. एवढ्याने भागेल का? नसेल, तर बांधणी कशी करावी?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : एवढ्याने भागणार नाही. पायपेटी बाहेरून लहानशा कपाटासारखी दिसते, म्हणून तिची बांधणीही कपाटासारखी केली जाते आणि तेथेच चूक होते. कपाट पाठवण्यापूर्वी रिकामे करता येते. पायपेटीच्या पोटात मात्र भाते, कमानी, झडपा, चामडी पट्टे आणि पितळी सूर असतात आणि ते सगळे हलण्यासाठीच बनवलेले असतात. प्रवासात वाद्य खोक्याच्या आत हलता कामा नये, हे बहुतेकांच्या लक्षात येते. वाद्याच्या आतले भागही हलता कामा नयेत, ही गोष्ट मात्र राहून जाते, आणि मी दुरुस्तीसाठी पाहिलेली प्रवासातली बहुतेक मोडतोड या दुसऱ्या कारणाने झालेली होती.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक हातपेटी नागपूरला पाठवली होती. भोवती थर्मोकोलचे तुकडे घट्ट बसवले होते, खोके मजबूत होते आणि ते पोहोचले तेव्हा त्यावर साधा ओरखडाही नव्हता. पेटी उघडल्यावर मात्र मध्य सप्तकातील मध्यमाची पट्टी दाबली की सूर न लागता नुसती हवा फुसफुसत होती. सुरांची पाटी बाहेर काढून त्या सुराची पितळी जीभ भिंगाखाली पाहिली, तेव्हा तिच्या कडेला मोहरीएवढा थर्मोकोलचा पांढरा दाणा अडकलेला दिसला. असे दाणे आणखी सात ठिकाणी होते. थर्मोकोल घासून घासून झिजला होता आणि रस्ताभर पट्ट्या उडत राहिल्यामुळे झडपा उघडून ते कण थेट आत गेले होते. चूक पूर्णपणे माझ्या बांधणीची होती. तेव्हापासून वाद्याच्या लगत मी थर्मोकोल कधीही वापरलेला नाही आणि आपणही वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बांधणीला हात लावण्यापूर्वी पायपेटीची प्रत्येक पट्टी क्रमाने वाजवून तिचे मोबाइलवर चित्रीकरण करावे, आणि जी पट्टी आधीपासून मुकी आहे किंवा बेसूर वाजते तिची नोंद करून ठेवावी. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आलाच, तर हाच पुरावा उपयोगी पडतो. चारही बाजूंची, तसेच मागची फळी काढून आतल्या भागाची छायाचित्रेही घ्यावीत. त्यानंतर जे जे सहज निघते ते काढावे : नोटेशनची वही ठेवायची फळी, गुडघ्याने हलवायच्या फळ्या, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे पायांखालची लहान चाके. वजनदार वाद्य चाकांवर उभे ठेवून खोक्यात घातले, तर प्रत्येक खड्ड्याला सगळा भार त्या चार ठिपक्यांवर येतो. मग खोक्याचा तळ तरी फुटतो किंवा पायपेटीच्या खालच्या चौकटीचे सांधे तरी सुटतात. काढलेले स्क्रू कापडी पिशवीत घालून, त्यावर चिठ्ठी लावून वेगळे पाठवावेत. ते पायपेटीतच टाकून ठेवू नयेत, कारण एक सुटा स्क्रू आठशे किलोमीटरच्या प्रवासात भात्याच्या चामड्याला भोक पाडू शकतो.

आता पट्ट्या. त्यांच्या पूर्ण लांबीवर जाड फ्लॅनेलची किंवा जुन्या सुती साडीची घडी ठेवून झाकण लावावे. घडी इतपतच जाड हवी, की झाकण लावल्यावर पट्ट्यांना तिचा नुसता स्पर्श व्हावा. अधिक जाड घडी घातली तर पट्ट्या दबलेल्या राहतात, त्यांच्याखालच्या झडपा प्रवासभर उघड्या राहतात, कमानींवर विनाकारण ताण येतो आणि धूळही आत जाते. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे : घडी घालून झाकण लावल्यावर पेडल हलकेच मारून पाहावे, एकही सूर बोलला नाही, तर घडी योग्य आहे. झाकण चिकटपट्टीने बंद करू नये, कारण ती काढताना जुने लाखेचे पॉलिश सोलून निघते. रुंद सुती नाडीने बांधावे.

पेडल वरच्या स्थितीत ठेवून त्यांनाही नाडीने बांधावे आणि त्यांच्याखाली फोमचा ठोकळा बसवावा, म्हणजे ती आपटणार नाहीत व त्यांचे चामडी पट्टे झटक्याने तुटणार नाहीत. सुरांचे संच चालू-बंद करणाऱ्या सर्व खुंट्या आत ढकलाव्यात. भात्याला मात्र काहीही करू नये. काही पायपेट्यांचा भाता स्वस्थ असताना मिटलेला असतो, तर हवा आत ओढणाऱ्या ऑर्गनांमध्ये तो उघडलेला असतो; आपला जसा आहे तसाच राहू द्यावा. त्याच्या घड्यांमध्ये आधारासाठी म्हणून कागद किंवा कापड कोंबणाऱ्यांनी केलेली चामड्याची दशा मी पाहिली आहे.

गुंडाळताना पहिला थर मांजरपाटाचा असावा. बबल रॅप किंवा प्लास्टिक थेट पॉलिशला लागले, तर उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये लाख मऊ होऊन त्यावर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. मांजरपाटावर फोमची पातळ शीट, त्यावर बबल रॅप आणि अखेरीस ओलीपासून संरक्षण म्हणून जाड प्लास्टिक, असा क्रम ठेवावा. प्लास्टिकच्या आत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवाव्यात. हे सर्व साहित्य रविवार पेठेतील बोहरी आळीत एका फेरीत मिळते. पेंढा किंवा गवत भरण्याची जुनी पद्धत आता सोडलेली बरी, कारण त्यात ओल आणि किडे दोन्ही असतात आणि वाळवी पायपेटीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

एवढ्या वजनाला पुठ्ठ्याचे खोके, मग ते सात पदरी का असेना, पुरत नाही. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणि रिपा आणून ओळखीच्या सुताराकडून खोके करून घ्यावे. तळासाठी १२ मिलिमीटर आणि बाजूंसाठी ९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड चालेल. कोपऱ्यांना आतून रिपा असाव्यात. मापे घेताना गुंडाळलेल्या पायपेटीच्या सर्व बाजूंना ५ सेंटिमीटर जागा राहील असे पाहावे. झाकण आणि एक उभी बाजू स्क्रूने बसवावी, खिळ्यांनी नव्हे. खिळे ठोकतानाचे हादरे वाद्याला बसतातच, शिवाय बेंगळुरूला ते उचकटताना पुन्हा बसतात. उभी बाजू उघडणारी ठेवली, की पायपेटी वरून उचलून बाहेर काढावी लागत नाही. ती सरकवता येते.

तळाच्या फोमविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चांगली माणसेही फसतात. गादीतला मऊ फोम हाताला छान लागतो, पण ५० किलो वजनाखाली तो पापडासारखा चपटा होतो आणि प्रत्यक्ष धक्का बसेल तेव्हा दबण्यासाठी त्याच्यात काहीच शिल्लक राहत नाही. याउलट नुसते कडक रबर घातले, तर प्रत्येक हादरा जसाच्या तसा वर जातो. तुकडे दाबून बनवलेला घट्ट फोम, ज्याला बाजारात रिबॉन्डेड म्हणतात, तो घ्यावा आणि त्यावर पायपेटी ठेवून पाहावी. तो आपल्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक दबला, तर आणखी घट्ट किंवा आणखी रुंद तुकडा हवा, असा माझा ठोकताळा आहे. हा फोम दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांखाली आणि मागच्या चौकटीखाली यावा, कारण सुताराने मूळचा भार तेथेच घेतलेला असतो. पेडलांच्या फळीखाली किंवा भात्याच्या तळाखाली आधार देऊ नये.

खोक्यावर "नाजूक", "ही बाजू वर" असे मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत जरूर लिहावे व बाण काढावेत, पण ते वाचले जाईल असे गृहीत धरू नये. रात्री दोन वाजता गाडी उतरवणारा हमाल दमलेला असतो आणि उजेडही बेताचाच असतो. त्यापेक्षा खोक्याची घडणच अशी असावी, की ते सरळच उचलावेसे वाटेल : तळाला दोन जाड रिपा बसवाव्यात, म्हणजे बोटे किंवा पट्टा खाली जाईल, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर दोराच्या भक्कम मुठी लावाव्यात. ज्याला मूठ मिळते, तो खोके आडवे करत नाही. खोके बंद केल्यावर दोघांनी ते थोडे कलते करून कान लावून ऐकावे. आत काहीही खडखडले किंवा सरकल्याचा आवाज आला, तर आळस न करता ते पुन्हा उघडावे.

वाहतुकीचे म्हणाल, तर वाटेत माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवणाऱ्या सेवेपेक्षा थेट जाणारी गाडी निवडावी, मग चार पैसे अधिक का पडेनात. अशा प्रत्येक चढ-उतारीत पडण्याचा धोका वाढतो. खंबाटकी घाटात गाडी वळणे घेते तेव्हा उभे खोके कलंडू नये म्हणून ते पट्ट्याने गाडीच्या भिंतीला बांधण्यास स्वतः उभे राहून सांगावे. प्रवासाचा विमा उतरवावा आणि वाद्याचे मूल्य पावतीवर लिहून घ्यावे. मूल्य घोषित केलेले नसेल, तर भरपाई अगदी मर्यादित मिळते. शक्य असल्यास जुलै-ऑगस्टचा पावसाळा टाळावा, कारण जुन्या पायपेट्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस ओलीने सैल पडतो. खोके पोहोचल्यावर भावांनी आधी बाहेरून छायाचित्रे घ्यावीत, काही फुटलेले दिसले तर पावतीवर तशी नोंद करूनच सही करावी, आणि एक दिवस खोके न उघडता घरात राहू द्यावे.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत शिकते. तिची स्केल चेंजर पेटी तिला पाठवायची आहे. पेटीचे वजन १७ किलो आहे. कुरियरने पाठवावी की कोणी जाणाऱ्याबरोबर विमानाने?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खर्चाचा हिशेब आधी करून पाहावा. कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील जे अधिक असेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. आपले खोके ८० × ५० × ४५ सेंटिमीटर झाले, तर ते ३६ किलो धरले जाईल, मग आतली पेटी आणि बांधणी मिळून २२ किलो का भरेना. विमानात सोबतच्या सामानाचा एक डाग सर्वसाधारणपणे ३२ किलोपेक्षा जड घेत नाहीत, त्यामुळे वजनाची अडचण येणार नाही. पण मोठ्या आकाराचे शुल्क लागू शकते, ते तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. माणूस भरवशाचा असेल, तर मी सोबत पाठवणे पसंत करीन.

स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांचा संपूर्ण संच डावीकडे-उजवीकडे सरकतो, हेच तिचे वैशिष्ट्य आणि प्रवासात हीच तिची दुखरी जागा. तो संच खाचेत नीट बसवून त्याची कळ लावावी आणि संच व पेटीची भिंत यांच्या मध्ये दोन्ही टोकांना फ्लॅनेलच्या घट्ट घड्या सारून ठेवाव्यात. कप्लर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातील तोच सूर वाजवणारी जोडणी) बंद करावा, भात्यातील हवा पूर्ण काढून त्याच्या कड्या लावाव्यात. पट्ट्यांवरील घडीविषयी वर लिहिलेले येथेही तसेच लागू आहे.

परदेशी पाठवताना खोक्याच्या लाकडाकडे विशेष लक्ष द्यावे. साध्या कच्च्या लाकडाच्या खोक्यावर किडीचा बंदोबस्त केल्याची आंतरराष्ट्रीय मुद्रा असावी लागते, आणि त्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवणे ही मान्य पद्धत आहे. प्लायवूडला ही अट नाही. म्हणून खोके संपूर्ण प्लायवूडचे करावे आणि आत आधाराला कच्च्या रिपा लावण्याचा मोह टाळावा. एवढ्याशा रिपेमुळेही खोके अडू शकते. जर्मनीत हिवाळ्यात घरे सतत तापवलेली असतात आणि हवा फार कोरडी होते, तेव्हा मुलीने पेटी हीटरजवळ ठेवू नये.

प्रश्न : पखवाज नांदेडला भावाकडे पाठवायचा आहे. गठ्ठे उतरवावेत का?
— एक वाचक, आळंदी

उत्तर : गठ्ठे (वाद्या ताणून धरणारे लाकडी ठोकळे) काढू नयेत, फक्त हातोडीने थोडे मागे ठोकून पुड्यांवरचा, म्हणजे दोन्ही तोंडांच्या चामड्यांवरचा, ताण हलका करावा. डाव्या पुडीवर लावलेली कणीक मात्र खरवडून, ओल्या फडक्याने पूर्ण पुसावी आणि पुडी सावलीत दिवसभर वाळू द्यावी; उरलेली कणीक वाटेत वाळून पुडीला ओढते आणि तिच्या वासाने उंदीर खोके कुरतडतात. दोन्ही तोंडांवर पुडीच्या आकाराची कापडी गादी ठेवावी, तिच्यावर प्लायवूडची गोल चकती बांधावी आणि पखवाज खोक्यात आडवा, दोन चुंबळींवर ठेवावा, म्हणजे पुडीवरच्या शाईवर (काळ्या लेपावर) कोठूनही भार येणार नाही.