पेनड्राइव्हवर कॉपी केली, तरी लॅपटॉप उठत नाही

प्रश्न : माझा पाच वर्षांचा लॅपटॉप गेल्या आठवड्यापासून सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' (सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही) एवढंच येतं. मैत्रिणीच्या संगणकावर लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीची आयएसओ फाइल उतरवून घेतली आणि 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली. तो लावूनही तोच संदेश. ओळखीचे एक जण म्हणतात, डिस्क रिकामी झाली, फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. पण मुलीच्या प्रबंधाची सगळी टिपणं त्यात आहेत.
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, फॉरमॅटचं नाव तूर्त काढू नका. टिपणं हाती लागेपर्यंत त्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहिलं जाता कामा नये.

हे इतकं ठासून सांगतो, कारण मी स्वतः एकदा त्या कड्यापर्यंत जाऊन आलोय. ऑफिसातला विंडोज एक्सपीचा संगणक बसला होता. माझ्या खणात विंडोज 98ची स्टार्टअप फ्लॉपी होती, 1.44 एमबीची, वर निळ्या शाईत सुवाच्य अक्षरांत नाव घातलेली. मोठ्या ऐटीत ती घातली. सी ड्राइव्ह उघडला, तर आत जेमतेम काही फाइली आणि सगळा मिळून आकार 2 एमबी! वर पडद्यावर सूचना, की सी ड्राइव्हवर योग्य विभाजन दिसत नाही, एफडिस्क (डिस्कचे भाग नव्याने पाडणारा, म्हणजे जुनं घालवणारा प्रोग्रॅम) चालवून करून घ्या. बोटं कीबोर्डवर गेलीही होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने हात धरला. झालं होतं असं, की त्या डिस्कची मांडणी एनटीएफएस पद्धतीची होती आणि 98च्या फ्लॉपीला ती वाचताच येत नव्हती. मग फ्लॉपीने स्वतःची अवजारं ठेवायला मेमरीत जो तात्पुरता ड्राइव्ह तयार केला होता, त्यालाच सी हे अक्षर मिळालं. डिस्क जशीच्या तशी होती, आंधळी होती ती फ्लॉपी.

म्हणून 'रिकामी झाली' यावर इतक्यात विश्वास ठेवू नका. आधी लॅपटॉप सुरू करताना एफ2 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगांत, शिरा (कळ कंपनीगणिक बदलते) आणि यादीत डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. नाव दिसत असेल तर आशा बरीच आहे. दिसत नसेल तर कुठलाही बूट पेनड्राइव्ह तिच्यापर्यंत पोचणार नाही; तो लॅपटॉप उघडून बघणाऱ्याचा विषय. आणि आतून टकटक आवाज येत असेल तर यंत्र लगेच बंद करा, पुन्हापुन्हा सुरू करून बघू नका.

आता तुमचा पेनड्राइव्ह. आयएसओ फाइल म्हणजे अख्ख्या तबकडीचा बांधून ठेवलेला गठ्ठा. पुस्तकांचं खोकं न फोडता कपाटात ठेवलं तर पुस्तकं फळीवर लागतात का? तसंच हे. लॅपटॉप पेनड्राइव्हवर 'ईएफआय' नावाचं फोल्डर आणि त्याच्या पोटात ठरलेल्या नावाची एक फाइल शोधतो. त्याला मिळाला बंद गठ्ठा. तो सोडवून लिहायला रुफस किंवा बलेनाएचर यांसारखा छोटा प्रोग्रॅम लागतो. मैत्रिणीच्या संगणकावर तो चालवा, आयएसओ निवडा, पेनड्राइव्ह निवडा. निवडताना दोनदा बघा, कारण जो निवडाल तो पूर्ण पुसला जातो, आणि मैत्रिणीची जोडलेली हार्ड डिस्कही त्याच यादीत दिसू शकते.

मग पेनड्राइव्ह आधी लावा, नंतर लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूची (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोत बहुधा एफ12, एचपीत एफ9, आसुसमध्ये एस्केप. लिनक्स उठलं की 'ट्राय' म्हणजे नुसतं वापरून पाहण्याचा पर्याय घ्या. 'इन्स्टॉल'च्या चित्राला हात लावायचा नाही. डिस्क उघडली की टिपणं दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. 'फक्त वाचता येईल' असं लिहून आलं तर घाबरू नका; विंडोज नीट बंद झालेलं नसलं की लिनक्स असं करतं, आणि आपल्याला वाचायचंच आहे.

डिस्क उघडताना 48 आकडी किल्ली मागितली, तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, बंद आहे. पुन्हा तीच गोष्ट : दिसत नाही म्हणजे गेली असं नव्हे. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करत असाल तर किल्ली बहुधा त्या खात्यात जपलेली असते. फोनवरूनही बघता येईल. 19 जुलै 2024ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली होती. उपाय होता एक फाइल पुसण्याचा. पण कुलूपबंद यंत्रांवर तिथवर पोचायलाच ही किल्ली लागत होती, आणि ती शोधता शोधता माणसं मेटाकुटीला आली.

टिपणं हाती आली, की मग विंडोजची 'स्टार्टअप रिपेअर' वगैरे करा. त्यासाठी मैत्रिणीकडेच मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने वेगळा पेनड्राइव्ह बनवा (टिपणं ठेवलेला नव्हे, तो पुसला जाईल), 8 जीबी पुरतो. त्यात 'इन्स्टॉल' नको, 'रिपेअर' निवडायचं. तोवर प्रबंधाची टिपणं सुखरूप असतील, त्यामुळे हात थरथरणार नाहीत.

प्रश्न : माझा संगणक सध्या ठणठणीत आहे. रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे बिघाडात विंडोज दुरुस्त करायचा पेनड्राइव्ह, करून ठेवला तर माझे फोटोही परत मिळतील ना?

उत्तर : नाही. त्यात विंडोजच्या फाइली जातात, तुमच्या नाहीत. फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. रिकव्हरी ड्राइव्ह मात्र जरूर करा : 16 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, स्टार्टच्या शोधचौकटीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' हे नाव इंग्रजीत टाइप करा, पुढचं तो विचारत जाईल. वर्षातून एकदा नव्याने करा. आणि केल्या दिवशीच त्यावरून संगणक एकदा उठवून, दुरुस्तीचा मेन्यू दिसला की बंद करा. माझी ती निळ्या शाईची फ्लॉपी मी खणात ठेवण्याआधी एकदाही घालून बघितली नव्हती.